शरदातली कॅम्परव्हॅन, वाईन आणि गोल्फ : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली तीन वर्षं दसरा झाला की आम्ही दोघं भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन आठ-नऊ दिवस बाहेर पडतो. मी छप्पन्न वर्षांची, हे एकसष्ट. गोल्फ मी खेळते, वाईनचा नाद यांचा, गाडी दोघं चालवतो. पहिल्या खेपेनंतर रंकाळ्यावर सकाळी भेटणाऱ्यांनी विचारलं, मग नात्यातल्यांनी, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांनी. तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढलं. क्रमांक दिलेत, कारण बरेच प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत.

१. वैनी, गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक? संडासपण आत असतो व्हय?

असतो. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या सांगाड्यावर घर बसवलेलं असतं म्हणा. मागे पलंग, मधे बाक आणि टेबल, एका अंगाला ओटा, फ्रिज, छोटी मोरी आणि संडास. परदेशातल्या चित्रांत दिसतात तेवढ्या लांबलचक गाड्या आपल्याकडे क्वचित मिळतात आणि मिळाल्या तरी नकोत. आपल्या गावांतल्या वळणांवर त्या अडकतील. दोघांना लहान गाडी पुरते. चौघांना पुरते असं भाड्याने देणारे सांगतात. चौघं झोपतात खरे, पण सकाळी मोरीसमोर रांग लागते आणि सहलीची मजा तिथंच संपते.

एक गोष्ट पक्की : गाडी धावत असताना पलंगावर आडवं व्हायचं नाही आणि ओट्यापाशी उभं राहायचं नाही. पट्टा लावलेल्या सीटवरच बसायचं. चहा हवा असेल तर गाडी थांबवा.

२. ऑक्टोबरमध्ये गेलो तर द्राक्षांची तोडणी बघायला मिळेल ना?

नाही. सगळ्यात जास्त निराशा इथंच होते. पहिल्या वर्षी आमचीही झाली. फ्रान्स-कॅलिफोर्नियाचे फोटो बघून डोक्यात बसलेलं असतं की शरद म्हणजे लालपिवळी पानं आणि जांभळे घड. आम्ही नाशकात उतरलो तर समोर तारांना बांधलेल्या नुसत्या काड्या! हे म्हणाले, "चुकून सरपण बघायला आलो काय?"

कारण सोपं आहे. त्या थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि शरदात पिकते. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही, आणि पावसाळ्यात घड लागले तर ते कुजून जातील. म्हणून आपले बागाईतदार वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यात पुढच्या मालाच्या काड्या तयार होतात. मग पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी. घड तिच्यानंतर येतात आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. तासगाव-पलूसकडे ज्यांचे पाहुणे आहेत त्यांना हे सांगायला नको. "ऑक्टोबर छाटणी" हा शब्द त्यांच्या घरात दिवाळीइतकाच ऐकू येतो.

मग ऑक्टोबरमध्ये बघायचं काय? छाटणीच बघा. कात्र्या घेऊन ओळीने सरकणारी माणसं, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावणाऱ्या बाया. दहा-बारा दिवसांनी त्याच काडीवर पोपटी फूट दिसते. परतीचा पाऊस रेंगाळला तर बागाईतदाराचा चेहरा बघा, केवडा या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने तो रोज फवारणीचा हिशेब करत असतो. आणखी एक फरक ध्यानात घ्या : खायच्या द्राक्षांचा मांडव असतो, वाईनच्या वेली बहुतेक ठिकाणी सरळ उभ्या तारांवर चढवलेल्या असतात. आणि हो, फवारणी चालू असते तेव्हा ओळीत शिरून पानं कुरवाळत फोटो काढू नका.

तोडणी आणि द्राक्षं तुडवण्याची हौसच असेल तर फेब्रुवारीत जा. पण तेव्हा गर्दी असते. ऑक्टोबरात वाईनच्या तळघरातला माणूस आपल्याशी निवांत बोलतो, हा आमचा अनुभव.

३. नेमकं कधी निघावं?

कोजागरीच्या आसपास. त्याआधी कोल्हापूर सोडायला आमचं मन होत नाही. नवरात्रात अंबाबाई, मग दसरा चौकातलं सोनं लुटणं. शिवाय तोवर परतीचा पाऊसही बराचसा आटोपतो. दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका, महामार्ग तुंबतो. कार्तिकी एकादशीच्या आगेमागे पंढरपूरच्या बाजूला व्हॅन घालू नका, रस्ता दिंड्यांचा असतो आणि तो त्यांचाच असावा.

ऑक्टोबर हीट विसरू नका. दुपारी बारा ते चार पत्र्याच्या गाडीत बसवत नाही. कोजागरीची रात्र मात्र साधा. अकलूजच्या अलीकडे गाडीशेजारी खुर्च्या टाकून आटवलेलं दूध प्यायलो, तसं चांदणं मला घरच्या गच्चीवरनं कधी दिसलं नाही.

४. रस्ता कुठला धरता? किती दिवस लागतात?

आमचा फेरा असा : कोल्हापूर, मिरज, सांगोला, अकलूज. मग इंदापूरवरून सोलापूर महामार्गाने पुणे, तिथून नारायणगाव-संगमनेर-सिन्नर करत नाशिक, आणि परतीला पुण्यावरून सातारा-कऱ्हाडमार्गे सरळ घर. इकडेतिकडे फिरणं धरून साधारण अकराशे किलोमीटर. आठ दिवस घाईचे, नऊ बरे.

सगळे विचारतात, अकलूज कशाला? माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रातेल्लीच्या बागा आणि वायनरी, म्हणजे वाईन करायची जागा, आहे. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावाभावांनी उभी केली म्हणून हे नाव. इटालियन भाषेत त्याचा अर्थच भाऊ. कोल्हापूरपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. नाशिक त्याच्या दुपटीहून लांब. आपल्या दारातली वाईन सोडून लोक आधी नाशकाला का धावतात, मला कोडं आहे. तिथं आगाऊ कळवून जा, दारात उभं राहून "बघायचंय" म्हणू नका.

नाशकात गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आहे. वाईनची ती पंढरीच. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुरू केली, आणि २००५ मध्ये तिथं लोकांना वाईन चाखायला दालन उघडलं. त्याच अंगाला सोमा आणि यॉर्क. इगतपुरीच्या बाजूला संजेगावला वलोने. ती लहान आहे आणि मला सगळ्यांत आवडते. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही आहे. दोन दिवसांत तीन ठिकाणं पुष्कळ. चौथ्या ठिकाणी जीभ बधिर होते आणि सगळं एकच लागायला लागतं.

अकलूज गाळून थेट महामार्गाने पुण्याला जाणार असाल तर कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरचा नवले पुलाकडचा उतार खालच्या गिअरमध्ये उतरा. भरलेली व्हॅन कारसारखी थांबत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण पहाटेच ओलांडा.

५. रात्री चालवलं तर दिवस वाचेल ना?

नको. नोव्हेंबरात कारखान्यांचे गाळप सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्त्यावर येतात आणि मागे दिवा असेलच असं नाही. आपण कोल्हापूरचे, आपल्याला हे कुणी सांगायला नको. सूर्य मावळायच्या आत मुक्काम.

६. कारच्या लायसन्सवर ही गाडी चालते?

एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असेल तर चालते. पिवळ्या पाटीच्या गाडीबद्दल पूर्वी वाद व्हायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मिटवला : हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला तेवढ्या वजनाचं वाहतूक वाहनही चालवता येतं. गाडीचं वजन आरसी बुकात बघा.

पाटीचा रंगही बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं, चालकासह येणाऱ्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी "मित्राची आहे, स्वस्तात देतो" म्हणाला तर हात जोडा. अपघात झाला की विमा कंपनी तुमची मैत्री मानणार नाही.

७. टोलला फास्टॅगचा वर्षाचा पास चालतो का?

भाड्याच्या गाडीला नाही. तो खासगी कार-जीप-व्हॅनसाठी आहे. शिवाय मोठ्या सांगाड्याच्या गाडीला मिनीबसचा दर लागू शकतो. फास्टॅगमध्ये कारच्या अंदाजाने पैसे ठेवलेत तर किणीच्या टोलनाक्यापर्यंत सुद्धा हिशेब पुरणार नाही.

८. रात्री गाडी लावायची कुठं? आपल्याकडे त्यांच्यासारखे पार्क आहेत का?

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण दर पन्नास मैलांवर नळ-वीज-संडासाची सोय असलेलं मैदान असं चित्र डोक्यात ठेवू नका. आम्ही तीन प्रकारच्या जागा वापरतो. राज्य पर्यटन महामंडळाची (एमटीडीसी) निवासस्थानं, नाशकात गंगापूर धरणाजवळचं ग्रेप पार्क आमचं ठरलेलं. कृषी पर्यटन केंद्रं, तिथं जेवण झकास आणि माणसं मोकळी. आणि अगदीच अडलं तर महामार्गावरचा मोठा, रात्रभर उजेड असलेला पेट्रोल पंप, मालकाला विचारून. सगळीकडे आधी फोन, आणि फोनवर तीन प्रश्न : गाडी आत येईल एवढं फाटक आहे का, कमान किती उंच, आणि पंधरा अँपिअरचा सॉकेट मिळेल का.

कमानीचं मुद्दाम सांगते. पहिल्या वर्षी एका पार्किंगच्या दारातला लोखंडी आडवा बार आम्हाला दिसला, पण छतावर एसीचा डबा आहे हे आम्ही विसरलो. तो आवाज अजून कानात आहे. आता डॅशबोर्डवर खडूने गाडीची उंची लिहितो, एसीसकट.

रस्त्याच्या कडेला, धरणाच्या काठावर, कुणाच्या रानात न विचारता मुक्काम नाही. चोरांपेक्षा रात्री दोनला टॉर्च मारून चौकशी करणाऱ्या गावकऱ्यांचाच त्रास होतो, आणि त्यांचंही बरोबरच असतं.

९. संडासाची टाकी, पाणी, वीज याचं काय?

संडासाखाली सुटकेससारखी ओढून काढायची पेटी असते. दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती फक्त सेप्टिक टँक असलेल्या संडासात रिकामी करायची, मुक्कामाच्या जागी विचारून. ओढ्यात, गटारात, उसात नाही. हे काम यांचं, कारण लग्नात मी सप्तपदी चालले तेव्हा या पेटीचं काही ठरलं नव्हतं.

पाण्याची टाकी शंभर लिटरच्या आसपास असली तर दोन दिवस जातात. विजेचं म्हणाल तर बॅटरीवर दिवे, पंखा आणि फ्रिज चालतात. रातभर एसी चालवायला बाहेरची जोडणीच हवी. गाडी ताब्यात घेताना तिथंच अर्धा तास बसून सगळं चालू करून बघा. आमच्या एका गाडीचा इन्व्हर्टर सांगोल्यात बंद पडला, मालकाने फोन उचलायचा बंद केला, आणि फ्रिजमधलं मटण रस्त्यातल्या ढाब्यावर शिजवून घ्यावं लागलं.

१०. चाखायलाच तर जातो, घोट-घोट असतो. मग लगेच गाडी चालवली तर बिघडलं कुठं?

बिघडतं. गणित करून दाखवते. एका नमुन्याला साधारण तीस मिलिलिटर ओततात. सहा नमुने झाले की एकशेऐंशी, म्हणजे चांगला मोठा ग्लास. वाईनमध्ये तेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. एवढ्याने साठ किलोच्या बाईच्या शंभर मिलिलिटर रक्तात ढोबळ हिशेबाने पन्नास मिलिग्रॅमच्या वर जातं आणि सत्तर किलोच्या पुरुषाच्या चाळिसाच्या आसपास. कायद्याची मर्यादा आहे तीस. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वाईन म्हणजे दारू नव्हे हा वाद आपल्याकडे रंगतो खरा, पण पोलिसाच्या नळीला तो ठाऊक नाही.

म्हणून आमचा नियम असा : जिथं गाडी मुक्कामी, तिथंच ग्लास. वायनरीजवळ मुक्काम टाकतो, व्हॅन लावून किल्ली पलंगाखाली, आणि वायनरीत भाड्याच्या टॅक्सीने जातो-येतो. त्या दिवशी व्हॅन हलत नाही. गोल्फ असेल तर तो सकाळी, वाईन दुपारी चारनंतर. उलट्या क्रमाने करून बघितलं नाही, पण चेंडू सापडला नसता याची खात्री आहे.

११. दोघांपैकी एकजण पीत नसेल तर?

मग प्रश्नच मिटला, किल्ली त्याच्याकडे. दोघंही चाखणारे असाल तर थुंकायला शिका. टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा ते बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, ही तर आज्जीची पिकदाणी." शेजारच्या टेबलावरची मुंबईची मंडळी आधी दचकली, मग हसत सुटली. थुंकणं तिथं असभ्य नाही, जाणकाराचं लक्षण आहे. मात्र थुंकलं तरी थोडं पोटात जातंच, त्यामुळे दहाव्या प्रश्नातला नियम बदलत नाही.

१२. वाईनमधलं काही कळत नाही. हसं होईल का?

नाही होत. ग्लासचा दांडा धरा, पांढऱ्या कागदासमोर रंग बघा, ग्लास फिरवून वास घ्या, घोट तोंडात घोळवा. पेरूचा वास आला तर पेरू म्हणा. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाईनमध्ये मला दरवेळी आपल्या देशी पेरूचाच वास येतो, आणि ओतणारा पोरगा मान डोलावतो. आधी पांढरी, मग लाल, शेवटी गोड. अत्तर लावून जाऊ नका.

१३. क्लबचे मेंबर नसताना पुण्यात गोल्फ खेळता येतो?

जागेवर अवलंबून. येरवड्याचा पूना क्लबचा मैदान जुना आणि मानाचा, पण तिथं मेंबरच्या ओळखीने किंवा तुमच्या क्लबशी संलग्नता असेल तरच. तुमच्या क्लबच्या ऑफिसात आधी विचारा आणि पत्र घेऊन जा. बावधनच्या ऑक्सफर्डला फोन करून पाहुण्यांसाठी वेळ मिळते का बघा. तो बाह्यवळण रस्त्याला लागून असल्याने व्हॅन शहरात घालावी लागत नाही. व्हॅनला जागा आहे का, हेही त्याच फोनवर.

अठरा होल्सना, म्हणजे पूर्ण खेळाला, साडेचार-पाच तास. ऑक्टोबरात पहिली वेळ मागा, साडेदहानंतर ऊन भाजून काढतं. पावसाने गवत माजलेलं असतं, फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, बाहेर चेंडू गेला की गेलाच. जुने चेंडू जास्त न्या. कॉलरचा टी-शर्ट हवा, जीन्स चालत नाही. कॅडीला, म्हणजे काठ्या वाहणाऱ्या सोबत्याला, आधीच सांगा की मैदान नवं आहे. मी पहिल्या वर्षी सांगितलं नाही, तोऱ्यात खेळले आणि एका टेकाडापलीकडच्या तळ्यात तीन चेंडू देऊन आले.

१४. नाशकात पण गोल्फ क्लब आहे म्हणे?

रिक्षावाल्याला "गोल्फ क्लब" म्हणालात तर तो बरोबर नेऊन सोडेल, पण तिथं क्रिकेट चालू असेल. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला अख्खं नाशिक गोल्फ क्लब म्हणतं. रणजी सामने होतात, सकाळी लोक फिरायला येतात. मी किट घेऊन उतरले होते. नाशिकचा मुक्काम फक्त वाईनचा धरा.

१५. कधी गोल्फ खेळलोच नाही. नवऱ्याबरोबर नुसतं फिरू का?

विचारून फिरता येतं, पण पाच तास कंटाळाल. त्यापेक्षा ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, बादलीभर चेंडू मारा. काठ्या तिथं मिळतात. पन्नासातला एक चेंडू सरळ उडाला की पुढच्या वर्षी तुम्हीच वेळ मागाल.

१६. गोल्फचं किट गाडीत मावतं?

पलंगाखाली, आतून चार फूट मोकळं असेल तर. गाडी ठरवताना टेप घेऊन जा. नियमाने चौदाच काठ्या नेता येतात, म्हणून घरातली बाकीची अडगळ घेऊ नका.

१७. घेतलेल्या बाटल्या उन्हात खराब होतात?

होतात. बंद व्हॅन दुपारी भट्टी होते, वाईन शिजते आणि बूच वर सरकतं. पांढरी फ्रिजमध्ये, लाल थर्माकोलच्या पेटीत ओल्या पंचासह, सगळ्यात खालच्या कप्प्यात. बिल आणि मद्याचा परवाना जपून ठेवा. उघडलेली बाटली चालकाच्या हाताशी कधीच नको, घट्ट बूच लावून मागे. उभ्या गाडीतही, ती सार्वजनिक जागी असेल तर पिऊ नका.

१८. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर कुठली घ्यावी?

तांबड्याबरोबर लाल हा रंगावरचा अंदाज सपशेल चुकतो. लाल वाईनमधला तुरटपणा आणि तिखट एकत्र आले की जाळ अन् धूर संगटच. किंचित गोडसर, गार शेनिन ब्लां घ्या, नाहीतर बुडबुड्यांची. लाल शिराझ सुक्या मटणाबरोबर, मसाला बेताचा असेल तर. पांढऱ्या रश्श्याला काहीच नको. त्याच्यात दुसरं काही मिसळणं मला अपराध वाटतो, आणि याबाबतीत आमच्या घरात एकमत आहे.

१९. पोचलो आणि ड्राय डे निघाला तर?

२ ऑक्टोबर तर ठरलेला. निवडणुका असतील तर मतदान संपण्याआधीचे अठ्ठेचाळीस तास आणि मतमोजणीचा दिवसही तपासा. या दिवसांत आपल्याकडे कुठली ना कुठली निवडणूक लागतेच. वाईनसाठी वय एकवीस पूर्ण हवं. सोबत भाचा-पुतण्या असेल तर ओळखपत्र आणायला सांगा.

२०. नाशिक लांब पडतं. त्यापेक्षा गोव्याला व्हॅन नेऊन तिकडूनच बाटल्या आणल्या तर?

जायला हरकत नाही. दक्षिण गोव्यात काणकोणला समुद्राकाठी नऊ होल्सचं गोल्फचं मैदानही आहे. पण गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. "एकच तर आहे" हे कारण नाक्यावर चालत नाही, आणि कॅम्परव्हॅनमध्ये इतके कप्पे असतात की तपासणारा ते एकेक उघडत बसतो. बाटली सापडली तर दंड तुम्हालाच, पण गाडीही अडकू शकते आणि ती तुमची नाही, भाड्याची आहे. घाट उतरताना गगनबावड्याऐवजी आंबोली धरा, आणि धुकं असेल तर वर नाश्ता करत थांबा.